वॉटरबॅगमधलं पाणी

समोरच्या शाळेत बारावीचं केंद्र आलं की आमच्या गल्लीला जाग येते. सकाळपासून मोटारसायकली लागतात, आया फाटकाशी पोरींच्या वेण्या सारख्या करतात, बाप मोबाइलवर बोलता बोलता पोराच्या पाठीवर थाप मारतात. आणि प्रत्येक पोराच्या हातात पाण्याची बाटली असते. पारदर्शक, लेबल काढलेली. तसा नियम आहे म्हणे. मी गॅलरीत उभी राहून त्या बाटल्या बघते. पोरांचे चेहरे नाही, बाटल्या. बाई निवृत्त झाल्या आणि खुळावल्या, असं खालच्या किराणावाल्याला वाटत असणार. वाटू दे.

यंदा त्यात लातूरमधून उदगीर वेगळा जिल्हा होणार ही आवई पुन्हा उठली आहे. दर चार-दोन वर्षांनी ती उठतेच. किराणावाला मूळचा जळकोटचा, त्याला आताच गुदगुल्या व्हायला लागल्यात. परवा तूरडाळ तोलता तोलता म्हणाला, "उदगीर जिल्हा झालं की बघा ताई, जळकोट काय अन् शिरूर काय, सगळ्याचं भलं होतंय."

"होऊ दे की," मी म्हणाले. "लातूर झालं तेव्हा शिक्के मारायला मीच होते."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी अजिबात गंमत करत नव्हते.

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावभर पेढे वाटले होते. नव्या कचेऱ्या उघडल्या, पण त्यांच्यासाठी नवे कागद कुठून येणार? मग जुन्या जिल्ह्यातून गठ्ठेच्या गठ्ठे आले. लेटरहेड, लिफाफे, कोरे तक्ते, सगळ्यांवर उस्मानाबाद छापलेलं. मी ज्या कचेरीत रोजंदारीवर लागले होते तिथं माझं काम एवढंच, की पट्टी धरून उस्मानाबादवर रेघ मारायची आणि बाजूला लातूरचा शिक्का उठवायचा. सकाळी रेघा, दुपारी शिक्के. पहिले काही दिवस मला वाटलं, आपण इतिहास घडवतोय. मग कळलं की इतिहास फार कंटाळवाणा असतो आणि त्यानं बोटं जांभळी होतात. जिल्हा होऊन वर्षं उलटली तरी तो जुना कागद संपेना. हेडक्लार्क येता-जाता म्हणायचे, "बाई, जिल्हा नवा हाय, तुम्ही बी नव्या. जिल्ह्यासंगंच मोठ्या व्हाल." जिल्हा झाला मोठा. मी आपली त्याच स्टुलावर.

ती नोकरी दादानं लावून दिली होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, उदगीरच्या मोंढ्यात धान्याची आडत. त्याची ओळख वरपर्यंत. माझा नवरा हैदराबादला कामाला म्हणून गेला आणि तिथंच दुसरा संसार मांडून बसला, तेव्हा घरात आठ दिवस रडारड झाली आणि नवव्या दिवशी दादानं माझी नोकरी ठरवून टाकली. माझी आणि माझ्या पोरीची सोय लागली, विषय संपला. नवरा मेला असता तर लोकांनी निदान कीव केली असती. हा जिवंत होता. जिवंत माणसानं सोडलेल्या बाईकडं लोक असे बघतात, की हिनंच काहीतरी केलं असणार. कचेरीतही डबा खाताना कुणीतरी हमखास विचारायचं, "मिस्टर काय करतात?" मी एकदा म्हणाले, "मजा करतात." त्यानंतर विचारणं थांबलं आणि डब्यालाही कुणी बोलावेना.

माझी बी.ए.ची दोन वर्षं लग्नाआधी झाली होती. विषय भूगोल. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर स्थळ आलं, आणि चांगलं स्थळ थांबत नसतं, कॉलेज थांबतं, असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं. स्टुलावर बसून उस्मानाबादवर रेघा मारताना मला ते तिसरं वर्ष दिसायचं. भिंतीवर जिल्ह्याचा नवा नकाशा टांगला होता. त्यात नकाशा काढणाऱ्यानं मांजरा नदी जिथं नको तिथं वळवली होती. मी ते हेडक्लार्कना दाखवलं. ते म्हणाले, "बाई, नदीत पाणी न्हाई, मग कुठनं का जाईना." त्या दिवशी मी ठरवलं की बास झालं.

तोवर दुष्काळ येऊन बसला होता. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच, ओळखीचा. विहिरींचे तळ दिसायला लागले होते, शिक्क्याची शाई धुवायला कचेरीत पाणी नसायचं, आणि मी जांभळ्या बोटांनी गौरीला भात भरवायचे. गौरी माझी मुलगी, दुसरीत होती. ती म्हणायची, "आई, तुझ्या हाताला वास येऊन राहिला." येतच होता. तो वास मला आजही कुठल्याही शिक्क्याला येतो.

नोकरी सोडते म्हणून सांगायला मी उदगीरला गेले, तर दादा पूजेला बसला होता. आम्ही लिंगायत. लिंगपूजा झाल्याशिवाय दादा चहाला शिवत नाही. तळहातावर लिंग घेऊन त्यानं त्यावर पळीभर पाणी घातलं. दुष्काळ म्हणून तांब्याभर पाण्याचं पळीभर झालं होतं, एवढाच त्याच्या घरातला दुष्काळ. पूजा संपेपर्यंत मी उंबऱ्यात उभी. मग तो बोलला.

"सरकारी नोकरी हाय ती, सरकारी! लोकं पाय धरून राहिलेत, अन् तू लाथ मारून राहिलीस?"

"दादा, मी शिक्के मारते तिथं."

"मग काय झालं? शिक्केच मारायचे हायत. दगडं तर फोडायची न्हाईत ना रोजगार हमीवर?"

"मला शिकायचंय. एकच वर्ष राहिलंय."

"अन् पोरगी?"

"माझ्यासंगं."

त्यानं पूजेची पळी आवरून ठेवली. मग म्हणाला, "शिक. पण उद्या काय झालं तर माझ्या दाराशी यायचं न्हाई. माझं नाव सांगायचं न्हाई." वहिनीनं आतून चहा आणला तो मी न पिता निघाले. मला तो राग आजही आहे, आणि दादा गेल्यावरही गेलेला नाही.

लातुरात कॉलेजं नव्हती असं नाही. पण ज्या गावात मी अमक्याची टाकलेली बायको होते, तिथं पोरापोरींच्या बाकावर जाऊन बसायचं धाडस मला होईना. नांदेडला मला कुणी ओळखत नव्हतं. शिवाय नांदेडला गोदावरी. निदान पाणी तरी असेल, असं मला वाटलं. भूगोलाची विद्यार्थिनी मी, पण एवढी अक्कल चालली नाही की नदी पण दुष्काळातूनच वाहत येते. पहिल्याच रविवारी गौरीला नदी दाखवायला नेलं. घाटाच्या पायऱ्या उतरत उतरत आम्ही कितीतरी खाली गेलो, तर पुढं नुसती वाळू आणि मधे हिरवी डबकी. गौरीनं विचारलं, "नदी कुठं गेली?" मी म्हणाले, "परीक्षेला गेली." ती हसली. त्या वर्षात ती खूप हसायची, हे लिहून ठेवलं पाहिजे.

आम्ही राहिलो ती खोली पत्र्याची. घरमालकीण तेलंगणातून लग्न होऊन आलेली, सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. आक्काला माझ्या नवऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं एकच विचारलं, "नीळ्ळू भरशील ना?" नीळ्ळू म्हणजे पाणी. टँकर यायचा दिवस ठरलेला नसायचा, त्यामुळे घागरी रस्त्यावर रांगेत ठेवून बायका आपापल्या दारात कान टवकारून बसायच्या. मी रांगेत बसून वाचायचे. घागरीवर पुस्तक टेकवून पर्जन्यछायेचा प्रदेश पाठ केलेली बाई सगळ्या विद्यापीठात मी एकटीच असेन. शेजारची म्हणायची, "काय वाचून राहिली ताई?" मी सांगायचे, "पाऊस का पडत नाही ते." ती म्हणायची, "मग? का पडत न्हाई?" मी डोंगर, ढग, वारे सगळं समजावून सांगायचे. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "म्हणजे तुमच्या पुस्तकात बी इलाज न्हाई."

सकाळी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या, दुपारी कॉलेज, संध्याकाळी घागर. वर्गातली पोरं मला आधी मॅडम म्हणायची, मग मीही विद्यार्थिनीच हे कळल्यावर ताई. गौरी शाळेतून आली की कॉलेजच्या व्हरांड्यात बसून माझ्या वहीच्या मागच्या पानांवर नकाशे काढायची. तिच्या नकाशात लातूर आणि नांदेड यांच्यामधे समुद्र होता. मला विचाराल तर मी आयुष्यात खरी जगले ते तेवढेच महिने. हे मी कौतुकानं सांगत नाही. राग येतो म्हणून सांगते. एवढी साधी गोष्ट होती, वही, बाक, पोरगी जवळ, आणि त्यासाठी मला सगळं घरदार तोडावं लागलं.

मग एप्रिल आला. आमचं केंद्र गावाबाहेरच्या दुसऱ्याच एका कॉलेजात पडलं. त्या कॉलेजाचं नाव मी घेणार नाही, आणि तसल्या जागा तेव्हा काही कमी नव्हत्या. पहिल्याच पेपरला बघितलं, कुंपणाच्या भिंतीला लोक पालीसारखे चिकटलेले. कुणाचा काका, कुणाचा मेहुणा, कुणाचा मास्तर. प्रश्नपत्रिका बाहेर जायची आणि उत्तरं आत यायची. ती यायची पाण्याबरोबर. एक म्हातारा शिपाई बादली आणि ग्लास घेऊन बाकांमधून फिरायचा. ग्लास बशीत ठेवलेला, आणि बशी नि ग्लास यांच्यामधे घडी घातलेली चिठ्ठी. ज्याचा माणूस बाहेर, त्याला पाणी. बाकीच्यांनी हात वर केला की शिपाई म्हणायचा, "दुष्काळ हाय." पाण्याचं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आपली खाली मान घालून लिहीत असायचे. मला वाटायचं, पाणी कमी आहे म्हणून मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही. दुष्काळाला सगळ्याचा दोष द्यायची सवय लागली होती ना.

गौरीला मी पेपरला संगं न्यायचे. पत्रा दुपारी तापायचा आणि आक्का टँकरमागं असायची, तर पोरीला ठेवायची कुठं? फाटकाबाहेर एक कडुनिंब होता, त्याखाली ती बसायची. तिच्या गळ्यात शाळेची लाल वॉटरबॅग. एका पेपरच्या दिवशी सकाळी टँकर आला नव्हता, घरात होतं नव्हतं तेवढं पाणी मी त्यात भरलं. ती वॉटरबॅग आत न्यायला फाटकावरचा माणूस तयार होईना. "आत काय बी न्यायचं न्हाई," म्हणाला. त्याच्या शेजारून चिठ्ठ्या पोचवणारी बादली आत चालली होती, हे मला मागाहून कळलं. मी वॉटरबॅग गौरीच्या गळ्यात परत अडकवली आणि म्हणाले, "तहान लागली की पी. मला फक्त घोटभर ठेव."

पेपर महाराष्ट्राच्या भूगोलाचा होता. पहिलाच प्रश्न अवर्षणप्रवण क्षेत्राचा, कारणं आणि परिणाम. मला हसूच आलं. असा प्रश्न जन्मात एकदा पडतो. मी लिहीत सुटले. मांजरा लिहिली, नकाशावर ती खरी जिथं वळते तिथं वळवली. लातूर नवा जिल्हा म्हणून स्वतःच्या हातानं काढला, त्याची हद्द मला शाईच्या डागासारखी पाठ होती. उन्हानं वर्गाची भट्टी झाली होती, घशाला कोरड पडून जीभ टाळूला चिकटत होती. तेवढ्यात म्हातारा शिपाई बशीतला ग्लास घेऊन माझ्या बाजूनं मागं जायला लागला. मला पाणी दिसलं. बाकी काही दिसलं नाही. मी हात पुढं करून तो ग्लास बशीसकट घेतला आणि घटाघटा प्यायले. शिपाई "ओ ताई, ओ..." करत राहिला. ग्लास खाली ठेवायला गेले तर बशीत एक घडी, ओली झालेली. आणि दारात स्क्वॉड, कॉपी पकडणारं भरारी पथक.

ती चिठ्ठी माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाची होती. वर्गात प्रत्येकाला ते माहीत होतं. सुपरवायझरला माहीत होतं, शिपायाला माहीत होतं, त्या मुलाला तर होतंच, तो खिडकीबाहेर बघत बसला होता. चिठ्ठीवर काय होतं? दुष्काळाची कारणं. मी चार पानं भरून लिहिलेलीच कारणं, तीही निम्मी चुकलेली. मी स्क्वॉडच्या साहेबांना म्हणाले, "माझा पेपर बघा, अक्षर बघा, चिठ्ठीत नदीचं नाव चुकलंय, माझ्या पेपरात बरोबर आहे." साहेबांनी पेपर बघितला नाही. बशी बघितली.

सुपरवायझर मला बाजूला घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता, हेच सगळ्यात वाईट. खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, समजून घ्या. स्क्वॉड आलं की एक तरी केस दाखवावी लागती. त्या पोराचे लोकं बाहेर उभे हायत, दगडं पडतील. तुमचं बाहेर कोण हाय?"

मी म्हणाले, "माझी मुलगी."

"मोठं माणूस कोण हाय?"

दादाचं नाव माझ्या ओठापर्यंत आलं होतं. उदगीरचे आडते अमुक अमुक, एवढं म्हटलं असतं तर कदाचित बशी पुन्हा मागच्या बाकावर गेली असती. त्याचं नाव घ्यायला त्यानंच मनाई केली होती, आणि मलाही स्वाभिमान होता. मी म्हणाले, "कुणी नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला. त्यानं ते कठोरपणे म्हटलं नाही. एखादं अवघड गणित सुटल्यावर म्हणावं तसं म्हटलं. माझ्याकडून जबाब लिहून घेतला, आणि सही झाल्यावर साहेबांच्या माठातलं गार पाणी पुढं केलं. मी त्याला हात लावला नाही.

बाहेर आले तेव्हा पेपर सुटायला अजून वेळ होता. गौरी निंबाखालीच होती, पण सावली सरकून गेली होती आणि ती उन्हात. ओठ पांढरे पडलेले, वॉटरबॅग दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. मी उचलून बघितली तर भरलेली, सकाळी होती तेवढीच.

"अगं, पिलीस का न्हाईस?"

"घोटभर म्हणजे किती ठेवायचं ते कळंना," ती म्हणाली. "म्हणून पिलेच न्हाई. घे, आधी तू पी."

मी आत दुसऱ्याचं पाणी पिऊन आले होते. मला तहान नव्हती. पण ती झाकण उघडून उभी होती. मी एक घोट घेतला. ती माझ्या गळ्याकडं बघत राहिली, घोट खाली उतरेपर्यंत. मग तिनं वॉटरबॅग तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली घेतली.

माझी त्या वर्षीची सगळी परीक्षा रद्द झाली. पुढच्या वर्षी पुन्हा दिली आणि पास झाले. त्यासाठी आणखी एक वर्ष पत्र्याची खोली, शिकवण्या आणि घागरी. पण ते वर्ष पहिल्यासारखं नव्हतं, मी नुसती दात आवळून बसले होते. मागच्या बाकावरचा मुलगा पहिल्याच फटक्यात पास झाला होता, पुढं कुठंतरी मास्तर झाला असं ऐकलं. पोरांना पर्जन्यछाया शिकवत असेल. मीही बी.एड. करून लातुरात मास्तरीण झाले. लोक त्याला गोड शेवट म्हणतात. निवृत्तीच्या सत्कारात एकानं भाषणात मला जिद्दीचं उदाहरण म्हटलं आणि टाळ्या पडल्या. मला विचारावंसं वाटलं, की बाबा, जिद्द लागली कशासाठी? एक ग्लास पाणी प्यायले म्हणून?

माझ्या नोकरीत कितीतरी वर्षं मीही सुपरवायझर होते. स्क्वॉड यायच्या दिवशी कुणीतरी हमखास कानाशी लागायचं, "बाई, एखादी केस बघून ठेवा." मी फाटकाकडं बघायचे. कोणाला सोडायला कुणीच आलेलं नाही ते हेरायचे आणि पेपरभर त्या पोराच्या, त्या पोरीच्या बाकाला टेकून उभी राहायचे. त्यानं फार काही साधलं असं नाही. माझ्या वर्गात केस सापडली नाही की शेजारच्या वर्गात सापडायची. तिथलंही कुणीतरी एकटंच आलेलं असणार.

गौरी आता पन्नाशीकडं झुकली आहे. इथंच लातुरात असते, तिची मुलं मोठी झाली. त्या दिवसाचं तिला काही आठवत नाही म्हणते. नदी आठवते, आक्का आठवते, वहीतला समुद्रही आठवतो, ते मात्र नाही. पण माझ्याकडं आली की उन्हातून आलेली असली तरी आधी ग्लास भरून माझ्या हातात देते, आणि माझं पिऊन होईपर्यंत स्वतः घोटही घेत नाही. समोर उभी राहते, माझ्या गळ्याकडं बघत. गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणतात, किती चांगले संस्कार केलेत तुम्ही पोरीवर. तहान असो नसो, मी ग्लास तेवढा घाईघाईनं रिकामा करते.